बॅटरीची वायर काढून दिवा विझेल, दोष नाही: इंजिन लाईटच्या मेसेजला उत्तर

पिकअपवाल्यांच्या, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या आणि निफाड-पिंपळगावकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा मतितार्थ असा: 'बीएस-६ गाड्यांचा चेक इंजिनचा दिवा हा शोरूमचा धंदा आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर पंधरा मिनिटं काढून ठेवा, दिवा गेला की दोष गेला. परत आला तर स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर घ्या आणि कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव येईल तो बदला. दिवा पिवळा असेल तर घाबरू नका, गाडी पळते तोवर पळवा. युरिया (डिझेल गाडीचा धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत घालायचं द्रव) महाग वाटत असेल तर त्या टाकीत पाणी किंवा शेतातला युरिया विरघळवून टाका. आणि कायमची कटकट संपवायची असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) बंद करून घ्या, ॲव्हरेजही वाढतं.'

मी नाशिकमध्ये गाड्यांच्या वायरिंगचं आणि स्कॅनिंगचं काम करतो. या मेसेजमागचा राग मला समजतो. स्कॅनर लावून कोड वाचायचा, त्या नावाचा पार्ट बदलायचा, बिल लावायचं, आणि दोन दिवसांनी तोच दिवा पुन्हा लागायचा, असं पुष्कळांच्या बाबतीत घडलं आहे. पण मेसेजमधले उपाय त्या रागावरचे आहेत, गाडीवरचे नाहीत. त्यातल्या काहींनी इंजिन जाऊ शकतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

धंद्याचा मुद्दा आधी. दोष शोधून कोड लिहिणारी आणि दिवा लावणारी ही यंत्रणा कुठल्या शोरूमने आणलेली नाही, ती प्रदूषणाच्या नियमांमुळे आली. भारतात चारचाकींना तिची पहिली पायरी बीएस-४ च्या काळात २०१० पासून लागू झाली, दुसरी २०१३ पासून. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याचा पुढचा, आणखी कडक टप्पा. स्टिअरिंगखालचं १६ पिनांचं सॉकेट आणि कोडची भाषा ठरावीक आहे. पहिलं अक्षर 'पी' असेल तर दोष इंजिन-गिअरबॉक्सकडचा, 'सी' म्हणजे ब्रेक-स्टिअरिंग-चासीकडचा, 'बी' म्हणजे बॉडीचा, 'यू' म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं तुटलेलं. त्यापुढचा आकडा शून्य असेल तर तो कोड बहुतेक सगळ्या कंपन्यांत एकाच अर्थाचा. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर (इंधन नीट न पेटणं), मग गाडी कोणाचीही असो. म्हणजे शोरूमच्या हातातली किल्ली या व्यवस्थेने सातपूरच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यालाही दिली. धंदा होतो तो कोडमुळे नाही, कोड अर्धवट वाचल्यामुळे.

आता बॅटरीची वायर. यावर थोडं थांबायला हवं, कारण मेसेजमधली हीच गोष्ट सगळ्यात जास्त लोक करतात.

दोष सापडला की ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, फक्त कोड लिहून ठेवत नाही. त्या क्षणाची नोंदही ठेवतो. आरपीएम किती होते, गाडीचा वेग किती, इंजिन किती तापलेलं, लोड किती. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. मुंबईहून परतीचा माल भरून गाडी कसारा घाट चढते, मध्येच दम सोडते, पिकअप जातो, दिवा लागतो. इगतपुरीला चहाला थांबून चावी बंद-चालू केली की गाडी पुन्हा नीट. नाशिकला गॅरेजमध्ये उभी केली तेव्हा आयडलिंगला सगळं ठणठणीत. अशा वेळी मेकॅनिककडे एकच पुरावा असतो: कोड पी००८७, म्हणजे रेलमधलं (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतलं) डिझेलचं प्रेशर कमी पडलं, आणि फ्रीझ फ्रेम सांगते की ते लोडवर, चढाला पडलं. एवढ्यावर तपासाची दिशा ठरते. लोडवरच डिझेल कमी पडतंय म्हणजे फिल्टर चोंदलाय का, लाईन हवा घेतेय का, पंप थकलाय का, इंजेक्टर रिटर्नला जास्त डिझेल सोडतायत का. वायर काढलेल्या अनेक गाड्यांत ही नोंद जाते आणि मेकॅनिक अंधारात चाचपडतो. बिल वाढतं ते इथे.

बऱ्याच गाड्यांत तर वायर काढूनही कोड जात नाही, कारण तो बॅटरीशिवाय टिकणाऱ्या मेमरीत असतो. ज्यांत जातो त्यांत इंजिनने शिकून ठेवलेली आयडलिंगची, इंधनाची जुळणीही जाते आणि गाडी काही काळ ओबडधोबड चालते. बरेच कोड दिवा लावण्याआधी दोन फेऱ्यांत (गाडी चालू करून, चालवून बंद केली की एक फेरी) खात्री करून घेतात. म्हणून वायर जोडल्यावर पहिल्या दिवशी दिवा लागत नाही आणि 'उपाय लागू पडला' असा मेसेज ग्रुपवर जातो. दोष खरोखर दुरुस्त झाला असेल तर सलग तीन फेऱ्या तो न दिसल्यावर दिवा सहसा आपोआप विझतो. कोड पुसायचाच असेल तर आधी तो आणि फ्रीझ फ्रेम लिहून घ्या, दुरुस्ती करा, मग स्कॅनरने पुसा.

तिसरा मुद्दा स्कॅनर घेण्याचा आणि नाव येईल तो सेन्सर बदलण्याचा. पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. ज्याच्या घरी दोन-तीन गाड्या आहेत त्याने साधा स्कॅनर जरूर ठेवावा. तो बहुधा इंजिनचे प्रमाणित कोडच वाचतो, एबीएस आणि एअरबॅगपर्यंत पोचत नाही. शिवाय सॉकेटमध्ये कायमचा लावून ठेवला तर उभ्या गाडीची बॅटरी खातो. एवढं माहीत असलं की तो कामाचा आहे.

दुसरा अर्धा भाग मात्र सरळ चूक आहे. कोड ही फिर्याद आहे, निकाल नाही. ज्याच्या तोंडून ती आली तो सेन्सर बहुतेक वेळा साक्षीदार असतो. पेट्रोल गाडीत पी०१७१ आला, म्हणजे मिश्रणात हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. हे सांगतो ऑक्सिजन सेन्सर, म्हणून लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात. खरं कारण एअर फिल्टरनंतरचा तडकलेला होज पाइप, मळलेला हवेचा सेन्सर किंवा कमी पडलेलं पेट्रोलचं प्रेशर असू शकतं. पी००८७ चंही तसंच. रेल सेन्सर प्रेशर कमी दाखवतोय, कारण प्रेशर खरंच कमी आहे. नवा सेन्सरही तेच दाखवेल. आपल्याच सातपूरच्या बॉशच्या कारखान्यात, जुने लोक ज्याला अजून मायको म्हणतात, डिझेलचे इंजेक्टर आणि नोझल बनतात. ही कामं किती बारीक मापाची असतात ते तिथे काम केलेल्या कोणालाही विचारा. कॅनमध्ये साठवलेल्या, पाणी उतरलेल्या डिझेलने ते इंजेक्टर खराब होतात आणि दोष मात्र सेन्सरच्या माथी येतो. पावसाळ्यात डिझेल फिल्टरच्या खालचं पाणी सोडणं हे काही पैशांचंही काम नाही, ते आधी करा.

कोडच्या वाक्यात 'सर्किट', 'व्होल्टेज हाय', 'व्होल्टेज लो' असे शब्द असतील तर आधी वायर आणि कपलर (वायर जोडणारा प्लग) बघायचे. एक उदाहरण देतो, मल्टीमीटरशिवायही करता येईल असं. कूलंटच्या तापमानाच्या सेन्सरचा कोड आहे पी०११७, म्हणजे व्होल्टेज लो, आणि थंड इंजिन स्कॅनरवर भलतंच तापलेलं दिसतंय. सेन्सरचा कपलर काढा. आकडा धाडकन उणे ४० च्या आसपास गेला तर वायरिंग ठीक आहे, सेन्सर आतून शॉर्ट झालाय, तो बदला. आकडा हलला नाही तर वायर कुठेतरी अर्थला लागलीय, नवा सेन्सर घालून उपयोग नाही. उलट पी०११८ असेल, इंजिन गरम असूनही उणे ४० दिसत असेल, तर दोन वायरींच्या त्या सेन्सरचा कपलर काढून कपलरमधल्या दोन्ही पिना क्षणभर एकमेकींना जोडा. आकडा वर गेला तर सेन्सर गेलेला, नाही गेला तर वायर तुटलेली किंवा पिन ढिली. दोन मिनिटांचं काम. हे न करता पार्ट मागवणाऱ्याला थांबवण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

एकाच वेळी चार-पाच असंबद्ध कोड आले तर एकाही सेन्सरला हात लावू नका. आधी बॅटरी मोजा: इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट, चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५. मग इंजिन ते चासी अर्थिंगची पट्टी. मग पाच व्होल्टची लाईन, कारण तीन वायरींच्या सेन्सरांना तीच पाच व्होल्टची लाईन वाटून दिलेली असते आणि त्यातला एक शॉर्ट झाला की सगळे रडायला लागतात. हंगाम संपल्यावर शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी वायर कुरतडलेली असणं, किंवा प्रेशरने इंजिन धुतल्यावर कपलरमध्ये पाणी राहणं, ही कारणं इतकी नेहमीची आहेत की गाडी धुतल्यानंतर लगेच दिवा लागला असेल तर मेकॅनिकला पहिल्यांदा तेच सांगावं.

ट्रकवाल्यांसाठी थोडं वेगळं. अनेक ट्रक आणि बसमध्ये 'पी' ऐवजी एसपीएन आणि एफएमआय असे दोन आकडे येतात. एसपीएन सांगतो कशाबद्दल, एफएमआय सांगतो काय झालं. लोक पहिला आकडा वाचतात आणि दुसरा सोडून देतात. एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइलचं प्रेशर. त्यापुढे एफएमआय १ असेल तर प्रेशर खरोखर धोक्याइतकं खाली आहे, गाडी तिथेच बंद करायची. एफएमआय ४ असेल तर सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज कमी येतंय, म्हणजे बहुधा वायर किंवा सेन्सर. तरीही डिपस्टिक बघायची आणि साधं गेज लावून प्रेशर मोजायचं, पण इंजिन उघडायची गरज नाही. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं. या एका आकड्यावर इंजिन वाचतं किंवा विनाकारण उघडलं जातं.

'पिवळा असेल तर पळवा' याला छोटं उत्तर. स्थिर पिवळा असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल तर घरापर्यंत, गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही, महिनाभर पळवायला आहे. पेट्रोल गाडीत दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर चालू आहे, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय आणि तो वितळू शकतो. ॲक्सिलरेटर सोडा, बाजूला घ्या. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर विल्होळी जवळ आलंय, तिथपर्यंत नेऊ, हा विचारसुद्धा करू नका.

युरियाचा सल्ला वाचून मला खरोखर काळजी वाटली, कारण आपल्याकडे प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी युरियाची गोणी असते. गाडीच्या टाकीतलं द्रव म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारविरहित पाणी. बोअरच्या पाण्यातले क्षार धुरात हे द्रव फवारणाऱ्या नोझलमध्ये बसतात. शेतातला युरिया २०१५ पासून नीमकोटेड आहे, त्यावरचं तेल आणि इतर अशुद्धी धूर स्वच्छ करणाऱ्या पुढच्या कॅटॅलिस्टवर जमतात, आणि तो कॅटॅलिस्ट या सगळ्या यंत्रणेतला फार महाग भाग आहे. निव्वळ पाणी टाकलं तरी गाडीला कळतं: नायट्रोजन ऑक्साईड मोजणाऱ्या नॉक्स सेन्सरला धुरातला फरक दिसतो, पी२०ईई सारखा कोड येतो आणि जड गाड्यांत काही अंतरानंतर इंजिनची ताकद मुद्दाम कमी केली जाते. शिवाय शेतीसाठी अनुदानावर मिळालेला युरिया दुसरीकडे वापरणं बेकायदा आहे. त्या दोन-पाचशे रुपयांच्या बचतीसाठी हे करू नका, कळकळीने सांगतो.

राहिला डीपीएफ. बंद करा म्हणणाऱ्यांना ज्या त्रासातून जावं लागतं तो खरा आहे: दिवा वारंवार येतो, गाडी ओढत नाही, ऑइलची पातळी वाढते. पण हा त्रास कुठून येतो ते बघा. फिल्टरमधली काजळी साधारण ६०० अंशांना जाळली जाते आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग चालायला लागते. पंचवटी मार्केट यार्ड ते सिडको, सिडको ते नाशिकरोड अशा तुकड्या-तुकड्यांच्या फेऱ्यांत ते जळणं अर्ध्यात तुटतं. काही गाड्यांत त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं. फिल्टर काढून ही सवय बदलत नाही, आणि कायद्याने मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असे फेरफार करता येत नाहीत. प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्याबद्दल कलम १९०(२) खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. धूर तर आपल्याच मुलांच्या नाकात जाणार आहे.

आणि यात एक गोष्ट आहे जी मेसेजवाल्याला ठाऊक नसावी. ईजीआरचा, तापमानाच्या सेन्सरचा किंवा इंजेक्टरचा कोड चालू असेल तर ईसीएम अनेकदा काजळी जाळणं सुरूच करत नाही. मग माणूस दिवा घालवायला गाडी ओझरच्या पुढे पिंपळगावपर्यंत हायवेला पळवून आणतो, दिवा तसाच, आणि फिल्टर वाईट ठरतो. डीपीएफचा पी२४६३ आणि त्यासोबत दुसरा कुठलाही कोड असेल तर आधी तो दुसरा सोडवा. त्यानंतर डिझेल पाव टाकीच्या वर ठेवून, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या वेगाने आडगाव नाक्यावरून निघा, मध्ये चावी बंद करू नका. तरीही काजळीचा आकडा खाली आला नाही तरच गॅरेजमध्ये स्कॅनर लावून उभ्या गाडीवर रिजनरेशन, म्हणजे काजळी जाळणं, करायला सांगा, आणि ते करण्याआधी ऑइलची पातळी तपासून घ्यायला लावा.