मीडियम साइजचा सिल्व्हर पार्टनर

अभिनंदन म्हणे! परवा तवंदी घाट उतरून निपाणीत चहाला टेकलो, तर ट्रकवाल्यांना लोड मिळवून देणाऱ्या कंपनीच्या अ‍ॅपवर मेसेज. तोही कन्नडमध्ये. गाडीचा नंबर केए बावीस, बेळगावचा, म्हणजे मालक कन्नडच वाचणार, असं त्यांच्या मशिनीनं परस्पर ठरवून टाकलंय. बोलायला मला कन्नड फाडफाड येतं, भांडायला तर त्याहून बरं. पण वाचायला बसलो की एकेका अक्षरावर बोट ठेवावं लागतं. शेवटी हॉटेलातल्या पोराकडून वाचून घेतलं. मी सुचवलेलं गिऱ्हाईक कंपनीच्या ‘परिवारात’ आलंय, म्हणून मला सिल्व्हर पार्टनर केलंय, आणि बक्षीस घरपोच येणार आहे.

मी सुचवलेलं? मी कुणाला, कधी, काय सुचवलं?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या मालकांना फोन लावला. त्यांच्या फाउंड्रीचं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी माल, भोसरी-चाकणला माझ्याच गाडीनं जायचं. कागद नाही, करार नाही, तोंडी काम. फोन उचलून म्हणतात कसे, “अरे, तूच पाठवलेलास म्हणे की त्या पोराला. तुझ्या गाडीचा नंबर सांगितला, तुझं नाव सांगितलं. मग मी पण जास्त चौकशी केली नाही. वर्षभर एकच रेट म्हणतोय, डिझेल वाढलं तरी वाढवणार नाही म्हणतोय.” आणि वरून, “तुला काय मिळालं का रे त्यात?”

मालक, मला काय मिळालं ते पुढं सांगतो. आधी श्वास घेऊ द्या.

ह्या पावसाळ्यात कंपनीनं नवीन सेल्स स्कीम काढली. मीटिंगला हॉटेलात बोलावलं, पनीर खायला घातलं (माणसानं ड्रायव्हरांना बोलावून पनीर घालावं, हे वेगळंच पाप), पडद्यावर बाण वर जाताना दाखवले. म्हणे तुम्ही आता नुसते गाडीवाले नाही, तुम्ही आमचे पार्टनर. माल पोचवता तिथं आमचं कार्ड द्या, गिऱ्हाईक आणा, पॉइंट मिळवा. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. गोल्डवाल्याला परतीचं लोड आधी दिसणार, सिल्व्हरवाल्याला पंधरा मिनिटं उशिरा. पंधरा मिनिटांनी काय उरतंय? रात्री दीडला भरायचा माल, नाहीतर असा माल जिथं वाराईच, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची हमालीच, भाड्याएवढी.

मी कार्डांचा गठ्ठा डॅशबोर्डखाली टाकला आणि विसरलो. एकालाही दिलं नाही. पण परतीचं लोड हवं असेल तर अ‍ॅपवर लोकेशन चालू ठेवावंच लागतं. ते बंद केलं की लोड दिसत नाहीत. मग काय, माझी गाडी कुठल्या गेटासमोर उभी राहते, किती वेळा राहते, किती तास भरते, सगळं यांना बसल्या जागी दिसतंय. त्यावरून पत्ता काढला, पोरगं पाठवलं आणि माझंच नाव सांगून माझंच गिऱ्हाईक उचललं. इतकी वर्षं ट्रान्सपोर्ट ऑफिसातल्या दलालांना आम्ही शिव्या घालत आलो. पण दलालाला निदान लाज होती. गाडीवाल्याचं ठरलेलं गिऱ्हाईक तो फोडत नव्हता, फोडलं तर चार लोकांत त्याचं नाव खराब व्हायचं. इथं फोडणाऱ्याला नाव आहे कुठं? रिजनल का झोनल कोणीतरी असतो, सहा महिन्यांत बदलतो.

ते गिऱ्हाईक काय असंच मिळालेलं का? २०१९ च्या ऑगस्टात महापुरानं पुणे-बेंगळुरू हायवे बंद पडला. यमगर्णीला वेदगंगेचं पाणी रस्त्यावर, शिरोलीला पंचगंगेचं, मध्ये गाड्यांच्या रांगाच रांगा. त्यांचा माल माझ्या गाडीवर अडकलेला. रोज संध्याकाळी फोन करून मी सांगत होतो, मालक, माल सुका आहे, काळजी नको. ताडपत्रीवर ताडपत्री घातली, रात्री दोनदा उठून दोऱ्या बघितल्या. २०२१ च्या जुलैत परत तेच. ते सगळं कुठल्या पॉइंटात मोजता रे?

आता गंमत बघा. तोच माल, तोच गेट, तोच वॉचमन, आणि तेच लोड अ‍ॅपवर बोलीला लागलंय. बोली पण उलटी, जो कमी करेल त्याला. माझ्या जुन्या भाड्यापेक्षा अठराशे कमीवर सुरू. माझ्याच माणसाचा माल, मला पंधरा मिनिटं उशिरा दिसतोय, आणि तोवर कुणी लांबचा दहा चाकीवाला, ज्याला परत जायला काहीतरी हवंच, तो आणखी हजार खाली येऊन घेऊन गेलेला असतो. त्याला तरी काय बोलणार? रिकामं जाण्यापेक्षा बरं, एवढाच त्याचा हिशेब. माझाही चाकणमधनं निघताना तोच असतो.

मालकांना रेट फिक्स. छान. मग डिझेल वाढल्यावर कोण भरणार? एप्रिल २०२५ मध्ये आपल्या कर्नाटक सरकारनं डिझेलवरचा विक्रीकर १८.४४ वरून २१.१७ टक्के केला, लिटरमागं दोन रुपये गेले. त्याच्या आधीच्या जूनमध्ये साडेतीन. लॉरीवाल्यांनी संप केला, मागे घेतला, दर तिथंच. बेळगाव-पुणे साडेतीनशे किलोमीटर धरा, गाडी चारचं अ‍ॅव्हरेज देते, म्हणजे एका बाजूला ८५-९० लिटर. एके काळी कोल्हापूरवाले इकडं स्वस्त म्हणून हद्दीवरच्या कोगनोळीला येऊन टाकी फुल करायचे, आता तेही हसतात आपल्याला. हा सगळा फरक कंपनी सोसणार नाही, गिऱ्हाईक सोसणार नाही. सोसणार कोण ते सिल्व्हरमध्ये बसलंय.

हिशेबाचं निघालंच आहे तर टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच कापून घेतात तो इन्कम टॅक्स. माझ्याकडे गाडी एक. दहा किंवा कमी गाड्यांचा मालक असेल आणि त्यानं पॅन आणि डिक्लेरेशन दिलं, तर भाड्यातून टीडीएस कापायचा नसतो. दिलंय. परत दिलंय. अंगठ्याच्या ठशाशिवाय सगळं दिलंय. तरी कापतात. विचारलं तर म्हणे, “सिस्टीम घेत नाही सर.” बॅलन्स, म्हणजे उरलेलं भाडं, चोवीस तासांत हवं असेल तर दोन टक्के तोडून, नाहीतर पंचेचाळीस दिवस. पोचपावतीवर शिक्का नीट उमटला नाही तर पंचेचाळीसचे साठ. ही अडचण मात्र सिस्टीम लगेच घेते!

आणि टोल. हत्तरगीला कापला, कोगनोळीला कापला, पुढं किणी, तासवडे… जाऊ दे, टोलवर सुरू झालो तर सकाळ होईल.

तर बक्षीस. आज घरी आलो तर पार्सल माझ्या आधी येऊन बसलेलं. माझं स्वतःचं कमावलेलं भाडं पंचेचाळीस दिवसांनी देणाऱ्या कंपनीचा टी-शर्ट दोन दिवसांत दारात! बायकोनं फोडून खुर्चीवर पसरून ठेवलेला. छातीवर कंपनीचं चिन्ह, पाठीवर इंग्रजीत ‘सिल्व्हर पार्टनर’, आणि कापड असं की उजेडाला धरलं तर पलीकडचा टीव्ही दिसतो. साइज मीडियम. मीडियम! मीटिंगमध्ये फॉर्मवर साइज लिहून घेतली होती. मी डबल एक्सेल लिहिलं होतं, तेही थोडं लाजून. ह्या देशात सीटवर बसून बसून आयुष्य काढलेला कुठला गाडीवाला मीडियममध्ये बसतो? मीडियम म्हणजे तो मीटिंगला आलेला पोरगा, टाय लावलेला, ज्यानं गाडीचा डाला कधी उघडून बघितला नसेल.

खरं सांगायचं तर मी घालून बघितला. बायको मागच्या दारी होती म्हणून. फुकटचं सोडवत नाही, आमच्या धंद्यात पंपावरचं कॅलेंडर सुद्धा कोणी सोडत नाही. डोकं गेलं, एक हात गेला, आणि दुसऱ्या हाताच्या वेळी सगळं काखेत अडकलं. ना वर येतंय ना खाली जातंय. तेवढ्यात फोन वाजला. त्याच अवस्थेत उचलला, तर कंपनीचं रेकॉर्डिंग. कन्नडसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन, इंग्लिशसाठी तीन. मराठीला नंबरच नाही. मी त्या बाईला तिन्ही भाषांत आणि वर चौथ्या भाषेतही जे ऐकवलं ते इथं लिहिता येत नाही. बाई शांतपणे परत म्हणाली, कन्नडसाठी एक दाबा. बायको आवाज ऐकून धावत आली. मला त्या अवतारात बघून आधी हसली, मग कात्री आणू का म्हणाली, मग बीपीची गोळी घेतली का विचारलं. नव्हती घेतली. मी खरा ह्या टी-शर्टासारखाच, जरा ओढलं की फाटतो, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

गोळी घेतली, टी-शर्ट पुतण्याला दिला. राग तेवढाच आहे.

कारण ते मराठीचं डोक्यात बसलंय. २०२२ च्या डिसेंबरात सीमावाद पेटला तेव्हा हिरेबागेवाडी टोलजवळ महाराष्ट्राच्या नंबरांवर दगड पडले, तिकडं पुण्यात कर्नाटकाच्या बसना काळं फासलं. आमची गाडी केए, आणि काचेवर महाराज. इकडं काच झाकून जा, तिकडं नंबर झाकून जा. माल मात्र दोन्हीकडचा वेळेत पोचायला पाहिजे. आता कंपनी त्याच गाडीच्या मागच्या फाळक्यावर आपला स्टिकर फुकटात लावून मागतेय, सहा बाय चारचा. लावला की पन्नास पॉइंट. काच फुटली, माल पडला, अपघात झाला, की मात्र कागदावर मी ‘स्वतंत्र वाहनमालक’. कंपनीचा माझ्याशी काही संबंध नाही, तसं फॉर्ममध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं आहे, वाचून बघा.

२०१८ ला सरकारनं दहा चाकीचं मालासकट परवानगीचं एकूण वजन २५ वरून २८.५ टन केलं तेव्हा आम्हीच पेढे वाटलेले. झालं काय? तेवढाच माल कमी गाड्यांत जायला लागला आणि टनाचा भाव पडला. तेव्हाही अड्ड्यावर असंच कोणीतरी अभिनंदन म्हणाला होता. त्याच्याशी मी अजून बोलत नाही.

उद्या मालकांकडे जाणार आहे. भांडायला नाही. मी त्या पोराला पाठवलं नव्हतं, एवढं तोंडावर सांगायला. त्यांचा करार वर्षाचा आहे, मोडा म्हणणार नाही. पण त्यांना वाटतंय की मी त्यांना टी-शर्टासाठी विकलं, तेवढं मला झोपू देत नाही. बाकी कुणाकुणाचं गिऱ्हाईक असं लोकेशनवरून गेलंय? खानापूरचे विटांचे गाडीवाले आणि संकेश्वरचे दोघे सांगत होते, त्यांचंही तसंच झालंय म्हणून.

शुक्रवारी भोसरीत गाडी रिकामी होतेय. परतीला बेळगाव, खानापूर, धारवाड, हुबळी, कुठलाही माल चालेल, कास्टिंगची पेटी असो नाहीतर गोदरेजचं कपाट. भाव तोंडी ठरवू, अ‍ॅडव्हान्स अर्धा, वाराई तुमची. अ‍ॅपवाल्यांनी फोन करू नये, केलाच तर मराठीत करावा.