मेमो दिला, ट्रे तसाच

‘कठोर कारवाईशिवाय नर्सना शिस्त लागणार नाही’ हे नर्सच्या चुकांवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. मी 22 वर्षं स्टाफ नर्स आहे. एका रात्रपाळीत नव्या सिस्टरने डिस्टिल्ड वॉटर समजून पोटॅशियम क्लोराइडचं अँप्यूल उचललं; हे थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. माझी नजर गेली म्हणून निभावलं. 40 पेशंट, आम्ही दोघी. तिला मेमो मिळाला, मग बदली. पुन्हा शिकवलं कुणीच नाही, आणि दोन्ही अँप्यूल त्याच ट्रेमध्ये शेजारीशेजारी!

ब्रिटनमध्ये नर्सची नोंदणी ठेवणारी नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल दोषी नर्सचं नाव रजिस्टरमधून काढते, पण देखरेख, प्रशिक्षण अशा अटींवर 3 वर्षांपर्यंत कामही करू देते. पेशंटवर हात उचलणारीला खुशाल घरी पाठवा हो. डोस चुकणारीला आधी कुणाच्या तरी हाताखाली उभं करा.