आईचं आधीचं नाव

मागच्या महिन्यात बँकेच्या कामासाठी ट्रंकेतून आईचा शाळा सोडल्याचा दाखला काढला आणि त्यावरचं नाव पहिल्यांदा वाचलं. मी 41 वर्षांची आहे. लग्नात तिचं नाव बदललं, बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, हे घरात किती कौतुकाने सांगितलं जायचं! पण आधीचं काय होतं, हे आम्हा तिघा भावंडांपैकी एकानेही कधी विचारलं नाही.

ते नाव इथे लिहीत नाही. चालेल का, हे तिला विचारलेलं नाही अजून.

दाखल्यात 'प्रगती'पुढे 'उत्तम' लिहिलंय. सोबत 1979 सालची दहावीची गुणपत्रिका. सगळ्यात जास्त गुण गणितात. मी आठवीत असताना ती बीजगणित समजवायला बसली, तेव्हा मी म्हणाले होते, "तुला नाही कळायचं गं, बाबांना विचारते." ती उठून कणीक मळायला गेली. मी हे साफ विसरले होते. ती विसरली नव्हती.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं, मग वडिलांचं नाव लावायचं, असं राज्य सरकारने ठरवलं. मला हा निर्णय मनापासून आवडला. भावाच्या बाळाचं नाव तसंच लागलंय. पण फॉर्मवर नाव आलं म्हणून घरात आई कळेलच असं नाही. बाबांबद्दल सांगताना आपण त्यांची नोकरी, मित्र, राजकारणावरची मतं सांगतो. आईबद्दल सांगताना पुरणपोळी आणि त्याग. तिलाही मतं असतात, राग असतो, एखादी मैत्रीण दुरावल्याची सल असते. एकदा 'त्याग' म्हणून हात जोडले की मग तिला काही विचारावंसंच वाटत नाही आपल्याला. मला तर या शब्दाची आता चीड येते.

माझी लेक आठवीत आहे. दाखला तिलाही दाखवला. तेव्हापासून बीजगणित घेऊन ती आजीकडे बसते, आणि गणितं बाजूला ठेवून भलतंच विचारते: शाळेत तुला कोण आवडायचं नाही? कुणाशी भांडलीस? त्यातूनच वर्गातल्या एका मैत्रिणीचं नाव निघालं. चार ठिकाणी विचारून तिचा नंबर मिळवला.

रविवारी फोन लावून दिला. पलीकडून त्या जुन्या नावाने हाक आली. आई फोन घेऊन आतल्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं. तासभर हसण्याचे आवाज येत होते. मधेच बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

चहा मी टाकला.