मोठाच घ्या!

ट्रेलरच्या वजनाचे आकडे मी वहीत लिहून नेले होते. मुद्दाम सांगतो, कारण ती वही दुकानात कुणी ढुंकूनही पाहिली नाही.

ट्रेलर जोडला की गाडीची मागची बाजू खाली बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंगला पकड राहत नाही आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. यावर उपाय म्हणजे वजन वाटणारा हिच, म्हणजे गाडी आणि ट्रेलर यांना जोडणारा सांधा. त्याचे स्प्रिंग बार, म्हणजे स्प्रिंगसारखे वाकणारे दांडे, ताणून बसवले की मागच्या चाकांवरचा थोडा भार पुढच्या चाकांकडे जातो, थोडा ट्रेलरच्या चाकांकडे. फक्त बार वजनाला साजेसे हवेत. एवढंच काम होतं.

"टंगवर वजन किती येतं?" काउंटरवरच्या मुलाने विचारलं. टंग म्हणजे ट्रेलरचं गाडीला जोडायचं टोक. मी वही उघडतोय तोवर शेजारून आवाज आला, "दोनशे किलो."

आवाज एका गृहस्थांचा. ते हिचच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलर ज्यावर अडकवतात त्या गोळ्यावर, घालायची रबरी टोपी घ्यायला आले होते. माझा ट्रेलर त्यांनी दुकानाच्या काचेतून पाहिला होता, तोही अर्धाच.

"तीनशे," मी म्हणालो. "मोजलंय."

"कशावर?"

"घरातल्या वजनकाट्यावर."

इथे माझी पत गेली. खरं तर पद्धत पक्की आहे. फळीचं एक टोक ठोकळ्यावर, दुसरं काट्यावर. टंगचा भार ठोकळ्यापासून एक हिस्सा आणि काट्यापासून दोन हिस्से अंतरावर टेकवायचा. काटा दाखवेल त्याच्या तिप्पट वजन. पण मी 'तिप्पट' म्हणताच ते त्या मुलाकडे बघून असे हसले, जणू मी स्वतःचंच वजन लपवतोय.

"अहो, भरलेला ट्रेलर अडीच हजार किलोचा," मी नेट धरला. "त्याच्या 10 ते 15 टक्के टंगवर हवं. कमी पडलं तर ट्रेलर रस्त्यावर डोलायला लागतो."

"बाराशेचे बार दे रे यांना," ते म्हणाले.

बाराशे पौंड, म्हणजे जवळजवळ 545 किलो! माझे 300, आणि मागच्या चाकांच्याही मागे डिकीत ठेवलेलं सामान 60. मिळून 360 किलो, म्हणजे 800 पौंडांच्या आतच. मला 800 पौंडी बार पुरत होते. गरजेपेक्षा कडक बार नीट वाकत नाहीत. मग प्रत्येक खड्ड्याचा दणका ट्रेलरच्या सांगाड्याला.

"पोरांचे कपडे घेताना वाढत्या अंगाचे घेतो की नाही आपण?"

"ट्रेलर वाढत नाही."

"सामान वाढतं."

हे खरं होतं, आणि म्हणूनच जास्त झोंबलं.

मुलगा बाराशेचा खोका काढायला निघालासुद्धा. जाता जाता म्हणाला, "हा लावला की गाडी जास्त वजन ओढेल, साहेब." धडधडीत चूक! हिच भार वाटतो, गाडीची मर्यादा वाढवत नाही. काही गाड्यांना तर हा हिच लावायलाच कंपनीची मनाई असते. विकणाराच असं बोलणार असेल, तर उतारावर ब्रेक दाबताना माणसाने कुणाच्या भरवशावर राहायचं?

छापील माहितीचीही तीच रड. माहितीपत्रकात ठळक छापतात ते रिकाम्या ट्रेलरचं वजन. रिकामा ट्रेलर कोण कशाला ओढेल? रिसीव्हरची, म्हणजे गाडीमागे हिच जिथे बसवतात त्या खोबणीची, मर्यादा सांगणारं स्टिकर अशा जागी, की उताणं पडल्याशिवाय दिसत नाही. त्यावर साध्या बॉलचा आकडा वेगळा, वजन वाटणाऱ्या हिचचा वेगळा. चिखल नेमका आपल्याला हव्या त्या आकड्यावर.

शेवटी भांडून 800 चेच बार आणले. आता बसवणं. पुढच्या मडगार्डची उंची ट्रेलरशिवाय मोजा, जोडून मोजा, बार ताणून पुन्हा मोजा. ती कितपत परत यायला हवी? हिचचं पुस्तक म्हणतं, गाडीचं पुस्तक पाहा. गाडीचं पुस्तक म्हणतं, हिच विकणाऱ्याला विचारा.

दुकानात फोन लावला.

"एक मिनिट हं," मुलगा म्हणाला, आणि फोनवर हात न ठेवताच पलीकडे ओरडला, "काका, यांना किती सांगू?"