डास मेला नाही, म्हणून मच्छरदाणी वाया गेली?

गेले काही दिवस एक मजकूर फिरतोय. आफ्रिकेतले डास मच्छरदाण्यांवरच्या कीटकनाशक औषधाला सरावले, तेव्हा मच्छरदाण्या वाटणं म्हणजे पैसा पाण्यात घालणं. डीडीटी या कीटकनाशकावर बंदी आली नसती तर मलेरिया कधीच संपला असता. आणि एवीतेवी तो प्रश्न तिकडचा, आपल्याला काय त्याचं? 2023 साली मलेरियाने जगात सुमारे 5 लाख 97 हजार माणसं गेली. त्यातली बहुतेक आफ्रिकेतली, आणि तिथल्या मृतांत दर चौघांमागे तिघं पाच वर्षांखालची मुलं. अशा विषयावर अर्धवट मजकूर पुढे ढकलणं मला सहन होत नाही.

डास सरावले हे खरं आहे. मच्छरदाण्यांवर वर्षानुवर्षं पायरेथ्रॉइड या एकाच गटाचं औषध होतं. पण डास दाद देत नाही हे ठरतं चाचणीत: ठरावीक मात्रेशी तासभर संपर्क आणि 24 तासांनी मोजणी. मलेरियाच्या परजीवीला मात्र डासाच्या पोटातून त्याच्या लाळेपर्यंत पोचायला साधारण 10 ते 14 दिवस लागतात. मच्छरदाणीला शिवून वाचलेली मादी आठवड्याभरात मेली, तर चाचणीत ती 'जिवंत' असते, पण रोग कुणालाच देत नाही. असं उशिराचं मरण प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. शिवाय बेनिन, कॅमेरून, केनिया, सुदान आणि भारत अशा पाच देशांतल्या मोठ्या अभ्यासात, डास सरावलेले असोत वा नसोत, मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना मलेरिया कमीच झाला.

शिवाय मच्छरदाणीही तीच राहिलेली नाही. सरावलेला डास काही एन्झाइम जास्त बनवतो आणि त्यांच्या जोरावर पायरेथ्रॉइड मोडून काढतो. क्लोरफेनापिर हे औषध नेमकं अशाच एन्झाइममुळे डासाच्या अंगात विषारी रूप घेतं. म्हणजे त्याची ढालच त्याच्यावर उलटते! टांझानियातल्या मिसुंग्वी जिल्ह्यात चाचणी झाली. दोन वर्षांनी फक्त पायरेथ्रॉइडच्या, जुन्या पद्धतीच्या मच्छरदाण्या असलेल्या गावांत सुमारे 46 टक्के मुलांच्या रक्तात परजीवी सापडला, दोन्ही औषधं असलेल्या नव्या मच्छरदाण्यांच्या गावांत 26 टक्के. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या मच्छरदाण्यांची शिफारस केली.

आता डीडीटी. घातक रसायनांवरच्या 2001 च्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराने त्याचा शेतीतला वापर बंद केला, रोगवाहक डासांसाठीची फवारणी नाही. या मजकुराच्या बाजूचं सर्वांत बळकट उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं आहे. तिथे 1996 मध्ये डीडीटी थांबवून पायरेथ्रॉइड आणलं, ॲनोफिलिस फ्युनेस्टस हा डास परतला, आणि 2000 साली रुग्ण 60 हजारांवर गेले. डीडीटी परत आणल्यावर साथ उतरली. पण त्याच सुमारास रोग्यांना नवं, गुणकारी औषधही मिळू लागलं होतं. मुख्य म्हणजे तो डास डीडीटीला दाद देत होता. पश्चिम आफ्रिकेत अनेक ठिकाणी देत नाही. डीडीटी आणि पायरेथ्रॉइड डासाच्या मज्जातंतूवर एकाच जागी घाव घालतात. ती जागा बदलली की दोन्ही बोथट होतात.

राहिलं 'आपल्याला काय'. ॲनोफिलिस स्टीफेन्सी हा मुंबईत मलेरिया पसरवणारा, पाण्याच्या टाक्यांत वाढणारा डास. 2012 मध्ये तो आफ्रिकेतल्या जिबूती या देशात सापडला, 2016 मध्ये इथिओपियात. 2022 साली इथिओपियातल्याच डिरे दावा शहरात मलेरिया उसळला तेव्हा शोध घेतल्यावर हाच डास हाती लागला. टाक्यांना घट्ट झाकणं बसवण्याचं जे काम मुंबईत वर्षानुवर्षं चालत आलंय, तेच आता तिथल्या शहरांना करावं लागणार आहे.