'ओके'ची व्युत्पत्ती सांगून छाप कशी पाडावी

चारचौघांत विद्वान म्हणून मिरवायचं असेल तर संस्कृतच्या वाटेला जाऊ नका. तिथं एखादा खरोखर शिकलेला निघतो. त्यापेक्षा 'ओके' घ्या. शब्द सगळ्यांच्या तोंडात आहे, आणि साक्षीला बोलवावेत असे सगळे कधीच स्वर्गवासी झालेत.

सुरुवात अमेरिकेतल्या यादवी युद्धानं करा. आवाज जरा खाली आणून सांगा, की छावणीत रोज संध्याकाळी फलक लागायचा: आज शून्य मृत्यू, 'झीरो किल्ड', म्हणून ओके. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. युद्ध १८६१ साली सुरू झालं आणि शब्द त्याआधी २२ वर्षं छापून आला होता, हा तपशील घरीच ठेवून या. रणांगणाच्या गोष्टीत तारखा विचारणारा माणूस कुणालाच आवडत नाही.

रक्तपात नको असेल तर ग्रीक 'ओला काला' आहे, म्हणजे सगळं छान. मंडळी पिणारी असतील तर हैतीतल्या बंदराची रम काढा. चॉक्टॉ आदिवासींचा शब्द सांगणार असाल, तर राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचं नाव जरूर घ्या. ते याच समजुतीनं 'ओकेह' लिहायचे. आणि श्रोते फारच देशाभिमानी निघाले, तर सरळ ओंकारापर्यंत ओढून न्या. कुणी हरकत घेणार नाही, उलट दोघं-तिघं घरी पोहोचायच्या आत ते पुढं पाठवतील.

फक्त खरी गोष्ट सांगू नका. ती अगदीच फुसकी आहे. १८३०च्या दशकाच्या अखेरीस बॉस्टनच्या वर्तमानपत्रवाल्यांना एक खूळ लागलं होतं: साधे शब्द मुद्दाम चुकीचे लिहायचे आणि त्या चुकीची आद्याक्षरं छापायची. 'ऑल राइट'साठी 'ओ. डब्ल्यू.', 'नो यूज'साठी 'के. वाय.'! त्याच चालीवर 'ऑल करेक्ट'चं 'ओल कोरेक्ट' झालं, आणि २३ मार्च १८३९च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये 'ओ. के.' अवतरलं, तेही घंटा वाजवण्याविरुद्धचं मंडळ असं नाव लावणाऱ्या टवाळांच्या बातमीत. म्हणजे जगभर चालणारं हे नाणं मुळात शुद्धलेखनाची चूक. जन्मभर ऱ्हस्व-दीर्घावरून पोरांचे कान पिळलेल्या एखाद्या मास्तरांपुढं हे बोलून त्यांची म्हातारपणीची झोप उडवू नका.

कोलंबिया विद्यापीठाच्या ॲलन वॉकर रीड यांनी जुन्या वर्तमानपत्रांची बाडं उपसून १९६३-६४मध्ये हे पुराव्यानिशी मांडलं. त्यानंतर 'झीरो किल्ड'चा केससुद्धा वाकडा झालेला नाही, हे लक्षात घ्या आणि निर्धास्त राहा.

बाकीची आद्याक्षरं मेली, हे एकच कसं जगलं? निवडणुकीमुळं. १८४०मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी पुन्हा उभे राहिलेले मार्टिन व्हॅन ब्यूरेन किंडरहुक गावचे, म्हणून 'ओल्ड किंडरहुक', कार्यकर्त्यांनी ओ. के. क्लब काढले. विरोधकांनी आवई उठवली, की व्हॅन ब्यूरेन यांचे गुरू अँड्र्यू जॅक्सन यांनाच स्पेलिंग येत नाही, तेच कागदांवर 'ओ. के.' खरडतात. व्हॅन ब्यूरेन पडले. शब्दाचा प्रचार मात्र दोन्ही पक्षांनी फुकटात केला.

एवढ्यावर कुणी डुलक्या घेऊ लागला, तर त्याला ट्रकच्या मागं आणून उभा करा. 'हॉर्न ओके प्लीज'मधला ओके कुठून आला? महायुद्धात ट्रक रॉकेलवर चालत, म्हणून 'ऑन केरोसीन', असं एक सांगा. टाटांच्या ओके साबणाची जाहिरात, असं दुसरं सांगा. दोन्ही एकाच दमात सांगितलं की अभ्यास दिसतो. महाराष्ट्राच्या परिवहन खात्यानं २०१५मध्ये ही अक्षरं रंगवायला बंदी केली, कारण त्यानं लोक हॉर्न वाजवतात म्हणे. अक्षरं वाचून हॉर्न वाजवणारा ड्रायव्हर भेटला तर मलाही कळवा.

राहता राहिला अर्थ. त्यात पडायचंच असेल तर आधी जिल्हा विचारा. २०२२मध्ये सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांनी गुवाहाटीतली झाडी, डोंगार आणि हाटील पाहून सगळं 'ओके' असल्याचं फोनवर कळवलं, तेव्हा त्यापुढं कौतुकाला जागाच उरली नव्हती. तोच शब्द पुण्यात, मैफल संपल्यावर, एखाद्या जाणकारानं शाल सावरत 'ओके होतं' असा उच्चारला, तर गायकानं तंबोरे गुपचूप गाडीत ठेवावेत आणि मानधनाचा विषय आयोजकांनी काढेपर्यंत काढू नये.