‘फुकट मिळतं म्हणून गरीब धंदा करत नाहीत’? पुरावे उलटं सांगतात

एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय: ‘खेड्यातल्या गरिबांना धंदा करायचाच नसतो. सरकार फुकट देतं, मग जिद्द येणार कुठून? मदत बंद करा, कर्ज द्या, घरोघरी उद्योजक तयार होतील.’ वाचायला झणझणीत आहे. आता यातलं एकेक विधान घेऊ.

‘फुकटच्या पैशाने माणूस आळशी होतो.’ मेक्सिकोने १९९७ मध्ये ग्रामीण भागात ‘प्रोग्रेसा’ योजना आणली. मुलं शाळेत जात असतील, घरच्यांच्या आरोग्य तपासण्या होत असतील, तर आईच्या हाती रोख रक्कम. पुढे अभ्यासकांनी पाहिलं तेव्हा या कुटुंबांत स्वतःचा धंदा सुरू करणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं होतं. मला त्यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आज हातात किती पैसे पडतात यापेक्षा पुढे किती मिळणार आहेत, याचा परिणाम मोठा होता. म्हणजे नुसत्या भांडवलाने लोक धंद्यात उतरले नाहीत. धंदा बुडाला तरी चूल पेटेल या खात्रीने उतरले.

‘जिद्दच नाही.’ थोडी शेती, मजुरी, चार जनावरं, हंगामात गाव सोडून काम, हे सगळं एकच घर करतं. त्याला जिद्द नाही तर काय म्हणायचं? अडतं ते जोखमीपाशी. पाऊस गेला की दुकानदाराची शेती जाते आणि गिऱ्हाइकांचीही, त्यामुळे उधारी वसूल व्हायची तरी कुणाकडून? घानाच्या उत्तर भागातल्या शेतकऱ्यांवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. पावसाचा विमा मिळालेल्यांनी शेतीत बराच जास्त पैसा घातला; नुसती रोख मिळालेल्यांत तेवढा फरक पडला नाही.

‘कर्ज द्या.’ बोस्निया, इथिओपिया, भारत, मंगोलिया, मेक्सिको आणि मोरोक्को इथले सूक्ष्मकर्जाचे (गरिबांना मिळणाऱ्या छोट्या कर्जांचे) अभ्यास २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. काहींचा चालू धंदा वाढला, पण घरांचं सरासरी उत्पन्न फारसं हललं नाही. एक कारण हप्त्यात आहे. कर्ज मिळाल्यावर लगेच फेड सुरू होत असेल, तर माणूस चटकन विकला जाणारा मालच भरणार. कोलकात्यात (अभ्यास शहरी होता, तरी मुद्दा लागू आहे) पहिल्या हप्त्याला दोन महिन्यांची सवलत दिल्यावर गुंतवणूक वाढली आणि तीन वर्षांनंतरही नफा जास्त होता. थकबाकीही वाढली, त्यामुळे कर्ज देणारे अशी सवलत द्यायला का कचरतात हेही कळतं.

मग चालतं काय? बांगलादेशात ‘ब्रॅक’ या स्वयंसेवी संस्थेने २००२ पासून अतिगरीब घरांना जनावरं किंवा तसं साधन, काही महिने घरखर्चाला आधार, प्रशिक्षण आणि नियमित भेटी असं एकत्र दिलं. हीच पद्धत सहा देशांत तपासली गेली आणि मदत संपल्यानंतर एक वर्षानेही एकूण फायदा टिकून होता. त्यांतल्या होंडुरासमध्ये मात्र अनेकांनी कोंबड्या निवडल्या आणि त्या रोगाने मेल्या. त्या घरांना ‘जिद्द कमी पडली’ असं हा मजकूर पुढे पाठवणारे म्हणतील का?